पिकअपचा रेडिएटर पुन्हा पुन्हा का फुटतो? नवीन बसवण्याआधी करायचा तपास

पिकअपचा रेडिएटर एकदा गेला तर त्यावर फार डोकं लावायची गरज नसते. वय झालेलं असतं, दगड बसलेला असतो, प्लॅस्टिकची टाकी वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन कडक झालेली असते. बदलायचा आणि कामाला लागायचं. पण वर्षभरात दुसरा गेला आणि त्याच्या मागोमाग तिसराही गळायला लागला, की 'हल्ली माल चांगला येत नाही' हे उत्तर पुरत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण इथे जवळजवळ शब्दशः लागू पडते. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवरची पाणी वाहायची कातडी पिशवी. गळती तिच्यातून दिसते म्हणून आपण पखाली बदलत बसतो आणि रेड्याकडे कुणी बघत नाही.

बॉनेट उघडता येतं, पाना धरता येतो, पण कूलिंगच्या भानगडीत अजून पडलेले नाहीत, अशांसाठी हे लिहितोय. लागणारं साहित्य थोडकं आहे: टॉर्च, साधा मल्टिमीटर, हातपंपाचा प्रेशर टेस्टर, निळ्या द्रवाचा गॅस टेस्टर आणि एक वही. दोन्ही टेस्टर उसने मिळाले तरी चालतात, वही मात्र स्वतःची ठेवा.

एक गोष्ट आधीच. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, दाबामुळे शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं; झाकण सैल झालं की दाब जातो आणि त्याच क्षणी ते उकळून अंगावर येतं. वरचा पाइप हाताने सहज दाबता येईल इतकं इंजिन थंड होऊ द्या. खाली सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात. आणि इलेक्ट्रिक फॅन असेल तर चावी बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो, हे हात आत घालताना लक्षात असू द्या.

जुना रेडिएटर भंगारात देऊ नका

नवीन रेडिएटर आणायच्या घाईत जुना तिथेच सोडून येतो, ही सगळ्यांचीच चूक. तपासातला मुख्य साक्षीदार तोच असतो. घरी आणा, पाण्याने हलकेच धुवा, उजेडात एका गोणपाटावर आडवा ठेवा आणि गळती नेमकी कुठे आहे ते शोधा. जागा दिसत नसेल तर सगळी तोंडं बंद करून, आत थोडी हवा भरून पाण्याच्या टबात बुडवा; बुडबुडे जागा दाखवतील. हवा अगदी बेताची भरा, सायकलच्या पंपाचे दोन-चार दट्टे पुरेत.

जागेवरून कारण कसं ओळखायचं, ते असं.

पाइप बसतो त्या तोंडाशी तडा असेल तर काहीतरी ते तोंड ओढतंय किंवा हलवतंय. क्लिप मरेस्तोवर आवळली असेल तरी तोंड तडकतं, पण मग क्लिपचा वळ प्लॅस्टिकवर स्पष्ट उमटलेला असतो.

प्लॅस्टिकची टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमचा गाभा जिथे कडा दुमडून जोडलेले असतात त्या सांध्यातून गळती असेल, कडा उघडल्यासारख्या दिसत असतील किंवा टाकी फुगलेली वाटत असेल, तर संशय दाबावर आणि अति तापण्यावर. टाकीचं प्लॅस्टिक नखाने दाबल्यावर कपच्या निघण्याइतकं ठिसूळ आणि तपकिरी झालेलं असेल, तर गाडी बराच काळ गरम चाललेली आहे, मग तापमानाचा काटा काहीही दाखवत असो.

नळ्या जिथे टाकीच्या पट्टीत शिरतात तिथे कोपऱ्यातली नळी तुटली असेल आणि दर वेळी तोच कोपरा असेल, तर रेडिएटर पिळला जातोय.

जाळीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ती आतून पडलीत की बाहेरून, हे बघायला हवं. त्यासाठी तेवढा तुकडा करवतीने कापून नळी उभी चिरा. आतल्या बाजूला काळसर खड्डे, जणू कुणी टोचे मारलेत असे दिसले, तर खराब झालेलं कूलंट किंवा चुकार वीज, म्हणजे वायरची वाट सोडून कूलंटमधून जाणारी वीज. आतून गुळगुळीत आणि बाहेरून पांढरी भुकटी, नळ्यांमधली पातळ पाती हातात कुस्करली जाताहेत, असं असेल तर चिखल आणि मिठाचा गंज.

बाहेर अर्धगोल ओरखडा म्हणजे फॅन लागलाय. याला वेगळं निदान लागत नाही.

माझ्या स्वतःच्या डिझेल पिकअपचे दोन रेडिएटर वरच्या तोंडाशी तडकले होते. दोन्ही वेळा मी दुकानदाराशी वाद घातला, दुसऱ्यांदा तर चांगलाच. तिसरा आणण्याआधी दोन्ही मेलेले शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा दिसलं की दोन्हींचा तडा तोंडाच्या एकाच जागी, घड्याळाच्या भाषेत चार वाजता, सुरू झालाय. दोन वेगळे नग, दोन वेगळे शिक्के आणि तडा एकाच जागी. माल खराब असता तर तो कुठेही फुटला असता. दुकानदार बिचारा खरं बोलत होता. कारण काय निघालं, ते पुढे येईल.

झाकण आणि दाब

झाकणाकडे कुणी गंभीरपणे बघत नाही, कारण ते स्वस्त असतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बार या दाबाच्या एककात; म्हणजे साधारण १३ ते १६ पीएसआय. या दाबामुळेच कूलंटचा उत्कलनबिंदू वर जातो. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेलं मिश्रण उघड्यावर १०६ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं; १५ पीएसआयला ते १२९ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाची स्प्रिंग अडकली तर दाब वाढतच जातो आणि सगळ्यात कमजोर जागा फुटते. ती जागा बहुतेक वेळा नवा कोरा रेडिएटरच असतो. बाहेर जायच्या वाटेवर गळणारा जुना पाइप होता, तोही आपणच बदललेला असतो ना!

झाकण दोन्ही बाजूंनी काम करतं. थंड होताना ते कूलंटच्या बाटलीतून पाणी परत आत ओढू देतं. सकाळी वरचा पाइप चपटा होऊन आत बसलेला दिसला तर झाकणाची ही दुसरी झडप बंद पडली आहे.

टेस्टर असेल तर झाकण त्याला लावून लिहिलेल्या आकड्याला उघडतं का ते बघा. नसेल तर कंपनीने सांगितलेल्याच आकड्याचं नवं झाकण घ्या. 'जास्त दाबाचं टाकलं की गाडी कमी गरम होते' हा सल्ला नम्रपणे नाकारा.

मग थंड इंजिनवर टेस्टर रेडिएटरच्या तोंडाला लावून झाकणाच्या आकड्याइतका दाब भरा, त्यापेक्षा जास्त अजिबात नाही, आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा खाली आला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर पाणी आत जातंय. अशा वेळी पुढची पायरी टाळता येत नाही.

इंजिनचा गॅस कूलंटमध्ये येतोय का

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील करणारी पट्टी, थोडं जरी सुटलं तरी सिलिंडरमधला गॅस पाण्याच्या वाटांत शिरतो. डिझेल इंजिनात जळण्याच्या क्षणी दाब शंभर बारच्या वर जातो आणि रेडिएटर एका बारसाठी बनवलेला असतो. झाकण वाफ सोडत राहतं, पण धक्के बसत राहतात. अशा गाडीत टाकीचा सांधा उघडणं ही वेळेची गोष्ट.

पहिली परीक्षा फुकटची आहे. रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड गाडी. झाकण हळूच उघडा. फुस्स असा आवाज आला, दाब बाहेर पडला, तर विचार करा: थंड कूलंट आकसतं, त्यामुळे सकाळी आत दाब उरायला नको. जो उरलाय तो गॅसचा आहे. दुसरी परीक्षा: झाकण लावून इंजिन सुरू करा आणि वरचा पाइप हातात धरा. इंजिन कोमट व्हायच्या आत, एक-दोन मिनिटांतच पाइप दगडासारखा टणक झाला, तर उष्णतेला दोष देता येत नाही.

निळ्या द्रवाचा टेस्टर हे पक्कं करतो. रेडिएटरमधलं पाणी थोडं कमी करा, म्हणजे ते नळीत ओढलं जाणार नाही. टेस्टर तोंडाला घट्ट धरून इंजिन चालू ठेवा आणि रबरी फुगा दाबत राहा. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. डिझेलमध्ये कधी कधी हिरवटावरच थांबतो. डिझेल इंजिन स्लोवर असताना या वायूचं प्रमाण कमी असतं, म्हणून थोडी रेस देऊन तपासा, आणि एकदा निळा राहिला म्हणून लगेच निर्दोष सोडू नका. चढावर भरलेली गाडी चालवून आणल्यावर, इंजिन निवल्यावर पुन्हा एकदा करा.

रंग बदलला तर इथेच थांबा. हेडचं काम झाल्याशिवाय नवा रेडिएटर बसवणं म्हणजे चौथ्याची सोय करणं.

कूलंटमध्ये मल्टिमीटर

ही पायरी बऱ्याच गॅरेजांत होतच नाही, आणि लागतात फक्त दहा मिनिटं. आतून भोकं पडली असतील तर आधी हीच करा.

अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि पितळ एकाच पाण्यात बुडलेले आहेत. त्यात कुठल्या तरी दिव्याची किंवा स्टार्टरची परतीची वीज धड अर्थिंग न मिळाल्यामुळे कूलंटमधून वाट काढत असेल, तर ती सगळ्यात पातळ धातू खात जाते. रेडिएटरच्या नळीची भिंत मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच जाड असते; तिला संपायला कितीसा वेळ लागणार.

इंजिन थंड, झाकण उघडं, कूलंट तोंडापर्यंत. मीटर डीसी व्होल्टवर, २ व्होल्टच्या रेंजला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. लाल पिन कूलंटमध्ये बुडवा, पण ती आत कुठल्याही धातूला टेकू देऊ नका. हात थरथरत असेल तर पिन एका लाकडी काडीला बांधा. आता आकडे लिहायचे. चावी बंद असताना एक. सोबत्याने स्टार्टर मारला की एक, कारण त्या क्षणी इंजिनच्या अर्थिंगवर सर्वांत मोठा भार येतो. इंजिन सुरू झालं की एक. मग हेडलाइट, ब्लोअर, एसी आणि नंतर लावलेलं जे जे काही असेल ते एकेक करून चालू करा: जादा दिवे, विंच, म्युझिकचा अ‍ॅम्प्लिफायर.

आकडा ०.१ व्होल्टच्या खाली राहिला तर काळजी नाही. ०.३ च्या वर गेला तर रेडिएटर खाल्ला जातोय, यात शंका ठेवू नका. मधला आकडा अ‍ॅल्युमिनियमसाठी बरा नाही. त्याचा माग काढा. एखादा स्विच दाबताच आकडा उडी मारतो, तिथली अर्थिंगची वायर खोला, रंग आणि गंज खरवडून स्वच्छ धातूवर बसवा. फक्त स्टार्टर मारतानाच उडी दिसली तर इंजिनपासून चॅसी आणि बॅटरीपर्यंतची जाड वायर बघा. ती तुटलेली किंवा आतून हिरवी पडलेली असते. इंजिनचं काम करताना कुणीतरी खोलून परत लावायला विसरलेलं असतं, हेही पुष्कळदा होतं.

सगळं बंद असूनही आकडा तसाच असेल तर बॅटरीची वायर काढा आणि काळी पिन इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवून पुन्हा मोजा. फरक पडला नाही, तर वीज बाहेरून येत नाहीये. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपलीत आणि ते पाणीच बॅटरी बनलंय. वायरिंगला हात लावू नका, कूलंट बदला.

रेडिएटरलाच बॉडीशी वायर लावून अर्थ करायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. मग चुकार विजेला त्याच्यातून जायची आणखी सोपी वाट मिळते. तो रबरावर बसवलेला असतो, तसाच राहू दे.

काय ओढतंय, काय पिळतंय

हा भाग खास पिकअपचा. मोटारीत बहुतेक सगळं एकाच सांगाड्यात असतं. पिकअपमध्ये शिडीसारखी चॅसी वेगळी, तिच्यावर रबरी बुशांवर केबिन आणि पुढची चौकट वेगळी. इंजिन चॅसीला धरलेलं, रेडिएटर सहसा पुढच्या चौकटीला. मध्ये दोन रबरी पाइप. म्हणजे भरलेल्या गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की इंजिन एका दिशेला आणि रेडिएटर दुसऱ्या दिशेला कलतात, आणि हा फरक पाइपने झेलायचा असतो. बुश चांगले असतील तर तो झेलतो. बुश बसले की उरलेली ओढ प्लॅस्टिकच्या तोंडावर येते.

तपासायचं असं. चाकांना पुढे-मागे ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडं. गाडीच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही. तुम्ही बाजूला, फेंडरपाशी. सोबत्याने ब्रेक दाबून धरायचा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद पकडेपर्यंत सोडून पुन्हा दाबायचा, मग रिव्हर्समध्ये तेच. तुमची नजर इंजिनवर नको, वरच्या पाइपच्या तोंडावर हवी. इंजिन थोडं हलणारच. पण त्याबरोबर पाइप ताणला जाऊन रेडिएटरचं तोंड वाकताना दिसलं, तर उत्तर सापडलं. माझ्या गाडीत एका बाजूच्या इंजिन माउंटिंगचं रबर पूर्ण बसलं होतं. वरून ते धडधाकट दिसत होतं, कारण वरची लोखंडी टोपी जागच्या जागी होती. पहार घालून इंजिन किंचित उचललं तेव्हा रबर आणि पत्रा वेगळे झाले. माउंटिंग बदललं. त्यानंतरचा रेडिएटर अजून चालू आहे.

मग रेडिएटरच्या खालच्या खुंट्यांची रबरं बघा. रेडिएटर दोन्ही हातांनी वर धरून हलवा: थोडी लवचिक हालचाल हवी, खडखड नको, आणि अगदी गच्च तर मुळीच नको. रबर मिळालं नाही म्हणून वायसरी घालून कसलेला रेडिएटर मी पाहिलाय. चॅसी पिळली की तोही पिळतो आणि कोपऱ्यातली नळी सोडतो. पुढून धडक खाल्लेली गाडी असेल तर चौकटीची दोन कर्ण मापं टेपने घ्या. फरक असेल तर रेडिएटर बसवतानाच तिरका ताणला जातोय.

फॅन हाताने हलवून बघा. पंपाच्या बेअरिंगमध्ये किंवा फॅनच्या क्लचमध्ये ढिलाई असेल तर थरथर थेट समोरच्या जाळीपर्यंत जाते. एखादं पातं तुटलेलं असेल तर फॅन बदला, समोरचं पातं कापून 'बॅलन्स' करू नका.

कूलंट आणि हवा

कूलंटच्या रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे उत्पादकांचे रंग आहेत, सगळ्यांनी मान्य केलेलं प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार वापरा; दोन वेगळ्या प्रकारांची भेसळ झाली तर गंजरोधक द्रव्यं एकमेकांना मारतात, कधी लगदा होतो. पाणी डिस्टिल्ड हवं. बोअरचं जड पाणी नळ्यांत चुन्याचा थर देतं. पीएच पट्टीवर ७ च्या खाली आला असेल तर ते कूलंट आम्ल झालंय, काढून टाका. आणि गळती थांबवणारी पावडर टाकलेली असेल तर ती नव्या रेडिएटरच्या नळ्यांतही जाऊन बसेल, म्हणून आधी हीटरच्या नळ्यांसकट सगळी यंत्रणा स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा.

हवेची बाजू पटकन बघून होते. एसीच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. तिथे चिखल, गवत, किडे यांची गादी असते आणि ती समोरून दिसत नाही. पाण्याचा जोर इंजिनकडून बाहेर आणि हलका ठेवा, नाहीतर पाती आडवी होतात. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच काढून टाकलेलं असेल तर परत बसवा. ग्रिलसमोर दिव्यांची रांग लावून मग गाडी तापते म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी काय सांगणार.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पुष्कळ गाड्यांत गिअरच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. कूलंटमध्ये किंवा गिअरच्या तेलात गुलाबी, दुधाळ लगदा दिसला तर गाडी अजिबात चालवू नका. पाणी गिअरबॉक्समध्ये पोचलंय आणि तो खर्च रेडिएटरपेक्षा फार मोठा आहे. त्या तेलाच्या नळ्या सोडताना-आवळताना नेहमी दोन पाने वापरा, एक धरायला आणि एक फिरवायला. एकाच पान्याने आवळल्यामुळे फुटलेले कूलर कमी नाहीत.

नवा बसवताना आणि नंतर

कारण सापडलं, दुरुस्त झालं, आता रेडिएटर. जुन्याशी जाडी, नळ्यांच्या रांगा आणि खुंट्यांची जागा जुळते का ते बसवण्याआधी बघा; एखादा सेंटिमीटर ओढून बसवावा लागला तर तो परत करा. खालचा निचऱ्याचा बोल्ट हातानेच आवळा. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक शक्य असेल तर थोडं वर. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडून खालचा पाइप गरम होईपर्यंत चालू ठेवा आणि मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. हवा आत अडकलेली असते, पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरतेच.

वहीत किलोमीटर, तारीख, झाकणाचा आकडा आणि मल्टिमीटरचे सगळे आकडे लिहा. कूलंटच्या बाटलीवर थंड इंजिनच्या पातळीला मार्करने रेघ मारा. वरच्या तोंडावर पाइपची कड जिथे येते तिथेही एक बारीक रेघ मारा. पाइप सरकायला लागला तर ओढ कुठून तरी परत आलीय, हे प्लॅस्टिक तडकायच्या आधी कळेल. ५०० किलोमीटरनंतर सकाळी थंड गाडीचं झाकण उघडून फुस्स होतं का ऐका आणि मल्टिमीटर पुन्हा एकदा बुडवा.